कोपरा खाल्लेला पाट

माळ्यावरून पाट खाली आला तेव्हा माझ्या हातात फडकं होतं आणि मी सकाळपासून तिसऱ्यांदा फरशी पुसत होते. पहिल्यांदा दिवाणखान्यात, दुसऱ्यांदा जिन्याखाली आणि आता बाबांच्या खुर्चीला लागून, अगदी त्यांच्या चपलेपाशी. अपराधी टोपलीत बसून माझ्याकडे असा बघत होता, जणू मीच काहीतरी सांडून ठेवलंय. कुत्र्याचं पिल्लू, वय अडीच महिने, नाव बिस्किट. माझ्या मुलीने "आई, त्याचं सगळं मी करीन" असं सांगून हे रत्न घरात आणलं आणि आठवड्याभरात कॉलेजच्या सहलीला निघून गेली. त्यामुळे नाशिकला, इंदिरानगरचं आई-बाबांचं घर आवरायला मी पुण्याहून आले ती एक बॅग, एक टोपली आणि रद्दीचा एक गठ्ठा घेऊन.

घर आवरायचं म्हणजे रिकामंच करायचं होतं. आई जाऊन चार वर्षं झाली, आणि बाबा आता आमच्याकडे पुण्याला यायला एकदाचे तयार झाले होते. दादा माळ्यावर चढून एकेक वस्तू खाली देत होता. तांब्याचा बंब, मोदकपात्र, तीन छत्र्या, आणि मग हा पाट.

"हा टाकायचा ना?" वरून दादाचा आवाज आला. "एक कोपरा पार खाल्लाय."

"ठेवायचा."

"कोपरा खाल्लेला पाट कोण ठेवतं गं?"

"मी ठेवते. तू पुढचं दे."

सागवानी पाट, चारी कोपऱ्यांना पितळी फुल्या होत्या. आता तीनच आहेत. चौथ्या कोपऱ्यावर बोट फिरवलं की सुईसारख्या बारीक दातांच्या खाचा अजून लागतात. नाकाशी धरला तर वास फक्त धुळीचा आला. तरी मला क्षणभर गंधकाचा वास आल्यासारखं वाटलं.

बागेत द्राक्षांवर मारतात त्या गंधकाचा वास त्या पेटीला होता. द्राक्षांची पुठ्ठ्याची पेटी, बाजूला हवा जायला गोल भोकं असतात ती. आत कागदाची कात्रणं, द्राक्षांचे वाळलेले देठ, आणि एका भोकातून बाहेर आलेलं एक ओलं काळं नाक. मी तेव्हा सातवीत होते. श्रावण चालू होता, घरात दोऱ्यांवर न वाळणारे कपडे होते, आणि बाबा दारात ती पेटी छातीशी धरून उभे होते. त्यांच्या मागे आप्पा. आप्पा दिंडोरीचे द्राक्षबागायतदार. बाबांचं कामानिमित्त त्यांच्याकडे जाणं-येणं असायचं.

आई देवाच्या खोलीतून बाहेर आली. तिने पेटीकडे पाहिलं, नाकाकडे पाहिलं.

"श्रावणात?" ती म्हणाली. "आणि सोमवारी?"

"लय हुशार जात हे, वहिनी," आप्पा म्हणाले. "आन् नाय जमलं तुमाला, तर दिवाळीला मी सोता येतो न्यायला. छाटण्या झाल्या का बागेला कुत्रं लागतंच."

आईने पदर खोचला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट केलं. तिथे कडाप्प्याची चार बोटं रुंद काळी पट्टी आहे. आमच्या रो-हाऊसचा उंबरठा म्हणायचा तो एवढाच.

"दिवाळीपर्यंत," ती म्हणाली. "पण ही पट्टी याने ओलांडायची नाही. दिवाळीला हा आत दिसला, तर आप्पांबरोबर परत जाईल. मग कुणी रडायचं नाही."

कुणी म्हणजे मी. मला तो हवा होता. दादाला सायकल मिळाली होती, बाबांना त्यांचं ऑफिस होतं, आईला तिचे उपासतापास होते. मला वाटायचं, या घरात माझं म्हणून काहीच नाही. ते नाक पेटीच्या भोकातून माझ्या बोटाला लागलं आणि माझं म्हणून काहीतरी झालं. दिवाळीला तीन महिने होते. तीन महिन्यांत एक कुत्रं एक पट्टी शिकेल, यात अवघड काय, असं मला वाटलं. गाढवच होते मी.

पहिल्या आठवड्यात त्याने बाबांची उजवी कोल्हापुरी खाल्ली. दुसऱ्या आठवड्यात डावी, बहुधा बाबांना जोड हवा म्हणून. माझी भूगोलाची वही खाल्ली, दादाच्या सायकलच्या सीटचा स्पंज खाल्ला. शुक्रवारी आईने दुपारभर बसून वळलेल्या फुलवाती खाल्ल्या आणि शनिवारी अंगणात त्या जशाच्या तशा परत केल्या. दारापुढे आईने रांगोळी घातली की तो तिच्यावर पोट टेकून झोपायचा आणि पोटावर अर्धं कमळ घेऊन घरभर हिंडायचा. समोरचे तीन प्लॉट तेव्हा रिकामे होते. गाजरगवत माजलेलं, त्यापलीकडे पांडवलेण्यांचा डोंगर सरळ दिसायचा. जगातली एवढी मोकळी जागा समोर असून त्याला लघवीला मात्र घरातलीच फरशी लागायची. शाळेतून आले की दप्तर ठेवायच्या आधी माझ्या हातात फडकं यायचं. फिनेल, ओली रद्दी आणि ओलं कुत्रं, माझ्या सातवीच्या पहिल्या सहामाहीला हाच वास आहे.

पुसायचं मी. शिकवायचं बाबांनी. ही वाटणी बाबांनीच केली होती.

आमच्याकडे तेव्हा एक ठाम समजूत होती, आणि ती आमच्या एकट्याच्या घरात नव्हती: कुत्र्याला इंग्रजीच कळतं. बाबांनी कुठून तरी एक जुनं पुस्तक आणलं आणि संध्याकाळी ऑफिसचे कपडे न बदलता ते पिल्लासमोर उभे राहू लागले. माझ्याशी, दादाशी, साहेबांशीसुद्धा शक्यतो मराठीत बोलणारे बाबा त्याच्याशी मात्र घसा साफ करून बोलायचे. "सिट." पिल्लू शेपूट हलवायचं. "नो." शेपूट अजून जोरात. "कम हियर" म्हटलं की ते पळून दिवाणाखाली जायचं. दिंडोरीच्या बागेत जन्मलेलं ते. त्याच्या कानावर "यू यू" आणि "हाड" याखेरीज शब्द पडला असेल तर शपथ. मी एकदा तसं सुचवलं. बाबा म्हणाले, "सवय लागेल. लहान आहे." आणि पुस्तकाचं पान उलटलं.

नावाचीही तीच गत. बाबांनी त्याचं नाव सीझर ठेवलं, दादा त्याला टायगर म्हणायचा, मी सोनू. आई नाव घ्यायचीच नाही. ती दिवसातून चाळीस वेळा फक्त "मेल्या!" म्हणायची. "मेल्या, सोड ती वात." "मेल्या, ऊठ रांगोळीवरून." महिन्याभरात आम्हाला कळून चुकलं की आम्ही सीझर, टायगर, सोनू म्हणून कितीही घसा कोरडा केला तरी तो कान हलवत नाही, आई आतून "मेल्या" म्हणाली की मात्र असेल तिथून धावत येतो. त्याची समजूत होती की ते त्याचं नाव आहे. पुढे आमचीही झाली.

उंबरठ्याचं मात्र काही जमेना. बाबा पट्टीशी उभे राहून "नो, नो" करायचे, मी गुंडाळी केलेलं वर्तमानपत्र जमिनीवर आपटायचे, दादा त्याला उचलून बाहेर टाकायचा, आणि आम्ही पाठ वळवली की तो ओट्याखाली. शेवटी आईने पाट आणला. रोज सकाळी ती तो दारात आडवा उभा करायची, दोन्ही बाजूंनी डबे लावायची आणि स्वतः साडी सावरत त्यावरून ये-जा करायची. पिल्लाने मग पाटालाच दात लावले. दिवसभर कुरकुर कुरकुर आवाज चालायचा. आई म्हणायची, "हा पाट संपला की दिवाळी." मी कॅलेंडरकडे बघायचे आणि पाटाच्या कोपऱ्याकडे बघायचे. कोपरा जास्त वेगाने जात होता.

पितृपक्षात आजोबांचं श्राद्ध आलं.

त्या दिवशी घरात पहाटेपासून सोवळं होतं. वड्यांचा, आमसुलाच्या चटणीचा, खिरीत पडलेल्या वेलदोड्याचा वास. गुरुजी आले, सगळं यथासांग झालं. जेवणाआधी पानं काढायची: गाईचं, कावळ्याचं, कुत्र्याचं. कावळ्याचं गच्चीवर गेलं. गाईचं दादा घेऊन गेला. कुत्र्याचं पान हातात धरून आई दिवाणखान्यात थांबली.

"हा आहे की," मी म्हणाले. मी पिल्लाला जिन्याच्या कठड्याला बांधलं होतं.

"घरच्याला वाढून कसं चालेल?" आई वैतागून म्हणाली. "आपलंच ताट आपण वाढून घेतल्यासारखं ते. बाहेरचं हवं."

म्हणून घरात कुत्रं असताना आई सोवळ्यात, हातात पान घेऊन, भर उन्हात गल्लीत कुत्रं शोधायला गेली. एरवी त्या गल्लीत पाच-सहा पडलेली असायची. त्या दिवशी एक नाही. पितृपक्षात त्यांनाही घरोघरची आमंत्रणं असणार. रिकाम्या प्लॉटच्या कडेला उभी राहून गाजरगवताला "यू यू" म्हणणारी माझी आई मला अजून दिसते.

इकडे गुरुजींना बसायला पाट कमी पडत होता. बाबांनी काय करावं? स्वयंपाकघराच्या दारातला पाट उचलला, खाल्लेला कोपरा भिंतीकडे केला आणि गुरुजींना म्हणाले, "बसा."

गाठ मी मारली होती. ती सुटली, हे मी आजवर कुणाकडे कबूल केलेलं नाही. आई भरलेलं पान तसंच घेऊन परत आली तेव्हा मेल्या ओट्याजवळ उभा होता, खिरीच्या पातेल्यात डोकं घालून. वडे संपले होते. त्याने डोकं वर काढलं. नाकापासून डोळ्यांपर्यंत पांढरा झालेला, मिशीवर एक बेदाणा.

गुरुजींनीच पाटावरून वाकून आत पाहिलं. "कुत्र्याचा घास कुत्र्याला पोचला," ते म्हणाले. "वहिनी, बाकीचं काय असेल ते वाढा."

मला वाटलं, संपलं. दिवाळीपर्यंतसुद्धा नाही. मी रडायला लागले, आणि रडायचं नाही असं ठरलेलं असूनही आई मला ओरडली नाही, त्यामुळे जास्तच रडले. तिने त्याला मानेला धरून पट्टीच्या बाहेर आणलं. तो तिथे बसला. पोट इतकं भरलं होतं की त्याला उभं राहवत नव्हतं. ती आत, उंबरठ्याशी जमिनीवरच बसली. दमली होती. मग हातातलं ते पान तिने त्याच्यापुढे पट्टीबाहेर सरकवलं आणि म्हणाली, "घे. हेही खा. तुझंच होतं." त्याने पानाकडे पाहिलंही नाही. तिच्याकडेच बघत राहिला. बराच वेळ दोघं तशीच, मध्ये ती काळी पट्टी.

त्यानंतर आईने आम्हाला काही सांगितलं नाही. चार-पाच दिवसांनी मी शाळेतून लवकर घरी आले तर पाट दारात नव्हता, भिंतीला टेकवलेला. आई पोळ्या करत होती. पोळी भाजल्याचा तो कोरडा, गोडसर वास, लाटण्याचा आवाज. मेल्या पट्टीच्या बाहेर. त्याने एक पाय आत टाकला. आई वळलीसुद्धा नाही. नुसती हातातली पोळी डब्यात टाकली आणि झाकण लावलं. पाय मागे गेला. झाकण उघडलं. शेवटी परात खरवडून उरलेल्या कणकेची तिने तळहाताएवढी एक पोळी लाटली, भाजली, तूप लावलं, फुंकर मारून निववली आणि पट्टीच्या बाहेर ठेवली.

मी आ वासून बघत होते. तिला कळलं.

"याला मारून कळत नाही, इंग्रजीने कळत नाही," ती म्हणाली. "पोटाने कळेल. आणि तुझ्या बाबांना बोलू नकोस. त्यांना वाटू दे पुस्तकामुळे."

वसुबारसेला आप्पा आले. बागेच्या छाटण्या उरकल्या होत्या, आणि त्यांच्या जीपमध्ये साखळी होती, ती मी खिडकीतून पाहिली. ते दिवाणखान्यात चहा घेत बसले. आई आत चकल्या तळत होती. मेल्या पट्टीशी, पुढचे दोन्ही पाय काठाला बरोबर लावून बसलेला. तेवढ्यात झाऱ्यावरून एक चकली निसटली आणि आतल्या बाजूला, त्याच्या नाकापासून हातभर अंतरावर पडली.

त्याच्या तोंडातून लाळेची तार लोंबायला लागली. सगळं अंग थरथरत होतं, शेपूट फरशी झाडत होतं. तो चकलीकडे बघायचा, आईकडे बघायचा, आणि रडल्यासारखा बारीक आवाज काढायचा. पण पाय हलला नाही. आईने मुद्दाम पूर्ण घाणा तळून काढला. मग चकली उचलली, पट्टीबाहेर ठेवली आणि आप्पांना म्हणाली, "बागेला दुसरं बघा. हा राहील."

"अवो, आमचं कुत्रं चुलीच्या राखंत झोपतंय," आप्पा म्हणाले. "हे काय कवतिक! बरं, मंग माझी पेटी तरी द्या माघारी." त्यांची पेटी आम्ही फराळ भरून परत केली. बाबा त्या दिवशी फार खुशीत होते. "सातत्य," ते आप्पांना म्हणाले, "पुस्तकात तेच लिहिलंय, सातत्य ठेवलं पाहिजे."

त्यानंतर पाट कधी दारात लागला नाही. मेल्या मोठा झाला. समोरच्या प्लॉटवर घरं उठली आणि डोंगर दिसेनासा झाला. रोजची शेवटची पोळी पट्टीबाहेर पडत राहिली. मी शिकायला गेले, नोकरीला लागले, लग्न झालं, आणि दर वेळी नाशिकला आले की तो तिथेच बसलेला असायचा, काठाला पाय लावून. पाहुण्यांना आम्ही हे दाखवायचो. स्वयंपाकघरात कुणी नसायचं, ओट्यावर श्रीखंडाचं भांडं उघडं असायचं, तरी तो जायचा नाही. फार अभिमान होता आम्हाला.

तो अकरा वर्षांचा झाला त्या हिवाळ्यात आई स्वयंपाकघरात पडली. सकाळी दहाची वेळ, बाबा बाजारात गेलेले. खुब्याचं हाड मोडलं. तिला हलता येईना. आवाजही फार निघेना. मेल्या उंबरठ्यावर आला आणि थांबला.

हे तिने मला दवाखान्यात सांगितलं. "मी त्याला हाक मारली गं. मेल्या, ये, म्हटलं. माझ्याजवळ ये. त्याचं अंग कापत होतं, त्या चकलीच्या वेळी कापत होतं ना तसं. पण आत येईना. मी हात लांब केला, तरी पट्टीपर्यंत पोचला नाही." तो तासभर तिथे उभा राहून भुंकला. घसा बसेपर्यंत भुंकला, तेव्हा शेजारच्यांनी येऊन पाहिलं. म्हणजे त्याने त्याच्या परीने केलं ते. पण तो तासभर ती त्या गार फरशीवर एकटी पडून होती, आणि तिच्यापासून चार हातांवर तो.

घरी आल्यावर ती वॉकर घेऊन उभी राहायला लागली, तेव्हा तिने पहिली गोष्ट काय केली असेल, तर त्याला आत यायला शिकवायला घेतलं. शेवटची पोळी आता ती पट्टीच्या आत ठेवायची. एक वीत आत. मग बोटभर. "ये रे. आता ये. मीच सांगते ना?" तो मान लांबवायचा, इतकी की मागचे पाय उचलले जायचे, आणि पुढचे पाय काठालाच. ती चिडायची. "मेल्या, तेव्हा सांगितलेलं ऐकत नव्हतास, आणि आता..." मग पोळी बाहेर सरकवायची आणि भिंतीकडे तोंड करायची. दोन वर्षं तिने रोज हे केलं. तो आत आला नाही. तो गेला तेव्हाही पट्टीबाहेरच, काठाला लागून पडलेला होता.

मला त्या पट्टीचा राग येतो. आमचा येतो.

"अगं, तो बघ कुठे चाललाय," दादा माळ्यावरून ओरडला.

बिस्किट टोपलीतून निघाला होता. कान उडवत, पायात पाय अडकवत, दिवाणखाना ओलांडून सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी. काळी पट्टी त्याने पाहिलीसुद्धा नाही. रिकाम्या स्वयंपाकघरात त्याच्या नखांचा आवाज टकटक घुमला. ओट्याखाली, जिथे आई पडली होती, बरोबर तिथे त्याने दोनदा गोल फिरून जागा हुंगली आणि शांतपणे बसला. चौथ्यांदा.

"मेल्या!" मी ओरडले.

आवाज माझा नव्हताच, सही न् सही आईचा होता. माळ्यावरची खुडबुड थांबली. बाबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. मी फडकं उचलून दाराकडे निघाले, हाताने त्याला हुसकायला, बाहेर, पट्टीच्या बाहेर, आणि बाबा खुर्चीतून उठले.

"त्याला नको हाकलूस," ते म्हणाले. "हे याला नको शिकवूस."

"बाबा, सकाळपासून चौथी वेळ आहे ही. पुसणार कोण?"

बाबांनी माझ्या हातातलं फडकं घेतलं. मेल्याच्या तीन महिन्यांत काय, पुढच्या तेरा वर्षांत त्यांनी एकदाही फरशी पुसली नव्हती. एक हात दाराच्या चौकटीला धरून ते पट्टीवरून आत गेले, ओट्याला धरून हळूहळू खाली बसले आणि पुसायला लागले. चुकीचं पुसत होते, सगळं पसरवत होते. बिस्किट धावत आला आणि त्यांच्या मांडीत चढला.

"सिट," बाबा त्याला म्हणाले. मग थोडं थांबून, अगदी हळू, "बस रे बाळा. इथे बस."